चढताना अर्जुन, उतरताना ऐन

"मग चुकलो कुठे मी?"

नाकाडे सरांनी प्रणोतीला विचारलं.

नागपूरहून निघाल्यापासून तिने सगळं मनात घोळवलं होतं. सर चिडले तर काय म्हणायचं, गप्प बसले तर काय म्हणायचं, डोळ्यांत पाणी आलं तर विषय कुठे वळवायचा... पण पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखं वही पुढे ओढून, पेन्सिल हातात घेऊन ते असं विचारतील, हे तिने धरलंच नव्हतं.

"चुकलात असं नाही, सर," ती म्हणाली. "त्या काळी साधनंच नव्हती."

"साधनांचं राहू दे. चुकलो कुठे?"

तालुक्याच्या कॉलेजातल्या मागच्या दोन खोल्या म्हणजे सरांचं हर्बेरियम. वाळवून, दाबून, कागदावर चिकटवलेली चार हजार झाडंझुडपं लोखंडी कपाटांत नीट रचून ठेवलेली. सर निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी किल्ली त्यांच्याकडेच होती. दुसऱ्या कुणी ती मागितलीच नव्हती.

त्यातल्या एका कपाटात, लाल फोल्डरमध्ये, एकच शीट होती. चौतीस वर्षांपूर्वी पळसबोडीच्या तलावाजवळ सरांना एक झाड सापडलं. ऐनासारखं, पण ऐन नव्हे. अर्जुनासारखं, पण अर्जुन नव्हे. सरांनी दोन वर्षं त्याचा पाठपुरावा केला आणि नवी जात म्हणून ते जगापुढे मांडलं. टर्मिनॅलिया पळसबोडिएन्सिस. बारक्या गावाचं नाव लॅटिनमध्ये गेलं. कॉलेजच्या माहितीपत्रकात आजही पहिल्या पानावर तेच झाड असतं.

सरांच्या नावावर जमा असलेली ती एकच जात.

आणि प्रणोती लांजेवार ही त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. याच खोलीत तिने पहिलं पान दाबलं होतं. पुढे पुण्याला गेली, डॉक्टरेट केली, आता नागपूरच्या एका संशोधन संस्थेत होती. ती सहसा चुकत नसे, आणि हे तिला ठाऊक होतं.

तिने पिशवीतून कागद काढले.

"हा ऐनाचा डीएनए. हा अर्जुनाचा. आणि हा तुमच्या झाडाचा. अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. नवी जात नाही, सर. संकर आहे."

सरांनी चष्मा वर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला. दोनदा वाचला.

"स्वच्छ काम आहे."

"पेपर स्वीकारला गेलाय. सोमवारी शेवटची प्रत पाठवायची. म्हटलं, तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा..."

"बरं केलंस."

बस्स. एवढंच.

प्रणोतीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिला जरा रागच आला. इतक्या लांबून आपण यांना सांभाळून घ्यायला आलो, आणि यांना सांभाळून घ्यायची गरजच दिसत नाही.

"झाड पाहिलंस?" सरांनी विचारलं.

"हो... म्हणजे नमुना पाहिला. फॉरेस्ट गार्डने कुरियरने पाठवला होता. पानं, फळं, सालीचा तुकडा. अगदी व्यवस्थित होता."

"झाड?"

"झाडाजवळ जाणं झालं नाही, सर. पावसाळा होता. नंतर परीक्षा, मग ते सेमिनार..."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"गाडी आणलीस ना? चल."

*

पळसबोडी तिथून बारा किलोमीटर. मार्चचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला आणि बाकी रान वाळून कोळ झालेलं. गाडीत सर एकदाच म्हणाले, "खड्डा आहे पुढे."

तलाव जुना, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळचा. पाणी अर्ध्यावर आलेलं. पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, आणि ओल्या काठावर अर्जुनाची मोठमोठी झाडं होती, पांढरट गुळगुळीत खोडांची, हिरवीगार. तिथून जमीन हळूहळू चढत टेकडीला भिडत होती, आणि टेकडीवर सगळा ऐन. काळी, खोल भेगांची, मगरीच्या पाठीसारखी साल. एक पान अंगावर नाही, नुसती फळं लटकलेली.

पाळीवर दामा वलथरे बसला होता. कोसा काढणारा माणूस. याच झाडांवर तो वर्षानुवर्षं रेशमाच्या अळ्या सोडत आला होता. सरांना पाहून तो उठला.

"या सर. मायंदाळ दिवसानं आले."

"चुना आहे का रे दामाजी?"

"आहे ना." झाडांवर खुणा करायला त्याच्याकडे कालवलेल्या चुन्याचा डबा असायचाच.

सर एका दगडावर टेकले. काठी आडवी मांडीवर ठेवली.

"प्रणोती, इथून, पाण्यापासून सुरू कर. या पायवाटेने सरळ टेकडीवर जा. वाटेच्या डाव्या हाताला जे झाड येईल त्याचं नाव मोठ्याने सांग. अर्जुन की ऐन. दोनच नावं. तिसरं नाही."

"सर, हे तर पहिल्या वर्षाच्या मुलांना..."

"हो. त्यांच्याकडूनही करून घेतो."

दामाला त्यांनी सांगितलं, तिच्या मागून जा. बाई अर्जुन म्हणाली तर खोडावर चुन्याचं एक बोट ओढ, ऐन म्हणाली तर दोन. पाण्याच्या बाजूने.

प्रणोती चालू लागली. मनातून वैतागली होती, पण हात लावला की झाड बोलायचं तिच्याशी, ते खरं होतं. साल बघायची, पान असेल तर पान, फळ असेल तर फळाचे पंख. अर्जुनाच्या फळाचे पंख अरुंद आणि चिवट, त्यांच्या शिरा वर वळलेल्या. ऐनाचे पंख रुंद आणि कागदासारखे, शिरा सरळ आडव्या. यात चुकण्यासारखं काय होतं?

"अर्जुन... अर्जुन... अर्जुन..."

मागून दामाचं बोट फिरत होतं. अर्ध्या चढावर कुठेतरी ती म्हणाली, "ऐन." मग टेकडीपर्यंत ऐनच.

वर पोचली तेव्हा तिला घाम फुटला होता. खालून सरांनी हाक दिली.

"आता तशीच उतर. त्याच झाडांची नावं पुन्हा सांगत ये. खुणा वरच्या अंगाला कर, दामाजी."

वरून येताना चुन्याच्या आधीच्या खुणा दिसत नव्हत्या, त्या खोडांच्या पलीकडे राहिल्या होत्या. ती सांगत आली. ऐन, ऐन, ऐन. भरभर सांगत आली. पुढे एका खोडाशी थांबली, फळ चुरून पाहिलं, म्हणाली, "अर्जुन," आणि पाण्यापर्यंत अर्जुनच म्हणत उतरली.

"झालं, सर."

"त्रेसष्ट झाडं आहेत," सर म्हणाले. "आता प्रत्येकाच्या दोन्ही बाजू बघून ये."

ती गेली. खालची झाडं ठीक होती. अलीकडून एक बोट, पलीकडूनही एक. एकतीस अर्जुन. वरची झाडंही ठीक होती. दोन आणि दोन. एकवीस ऐन.

मधल्या अकरा झाडांवर खालून एक बोट होतं आणि वरून दोन.

प्रणोती तिथेच उभी राहिली...

चढताना जी तिने अर्जुन म्हणून सांगितली, तीच उतरताना ऐन म्हणून सांगितली होती. एक नाही, दोन नाही. अकरा. आणि दोन्ही वेळा खात्रीने.

तिने भिंग काढलं. उन्हात, एकेका झाडाशी बसून, ती तासभर त्या अकरांशी झटत राहिली. एकाची साल खाली खरखरीत आणि हातभर वर गुळगुळीत. एकाची निम्मी पानं गळलेली, निम्मी शाबूत. फळांचे पंख ना धड रुंद, ना धड अरुंद. शेजारच्या दोघांत फरक शोधावा तर सापडेना, आणि पहिल्या-अकराव्यात पाहावा तर जमीन-अस्मानाचा.

परत आली तेव्हा तिचा आवाज उतरला होता.

"ऊन होतं, सर. मी दमले होते."

तिने भिंग मिटलं.

"नाही..." ती म्हणाली. "दमले नव्हते."

दामाने गडव्यातून पाणी दिलं. ती घटाघट प्यायली. मग विचारलं,

"यातलं तुमचं झाड कोणतं?"

"ते?" सरांनी काठीने पायवाटेच्या वळणाकडे दाखवलं. तिथे मोकळी जागा होती, थोडं गवत होतं. "ते तिथे होतं. नऊ वर्षांपूर्वी वादळात पडलं."

प्रणोतीला आधी नीट ऐकूच आलं नाही.

"पडलं?"

"मुळासकट."

"मग मला आलेला नमुना..."

दामा जरा पुढे सरकला. आपण काही चूक केली की काय, अशा चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, तो मी देल्ला. गार्डसाहेब म्हनले, सरांचं ते मधलं झाड पाहिजे, पानं काढून दे. मी म्हनलं, मधले तं गंज आहेत, एक नाही. ते म्हनले, कोनतंही दे."

*

परतीच्या वाटेवर गाडी प्रणोतीने एका लिंबाखाली थांबवली. इंजीन बंद केलं.

तिच्या डोळ्यांपुढे पेपरचं पहिलं पान होतं. मूळ झाडाचा नमुना तपासून, असं त्यात छापून येणार होतं. मूळ झाड नऊ वर्षांपूर्वी मेलेलं. शिवाय ऐन आणि अर्जुन म्हणून तुलनेला घेतलेली पानंही त्याच गार्डने, याच उतारावरून पाठवली होती. त्यातला ऐन किती ऐन होता आणि अर्जुन किती अर्जुन, देव जाणे. सोमवारी ती प्रत गेली असती, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी पोरगेलासा संशोधक इथे आला असता, दामाला भेटला असता, आणि तिची सगळी अब्रू त्या मोकळ्या जागेवर उघडी पडली असती.

"सर."

"हं."

"हे तुम्ही सकाळीच सांगू शकला असता. तुझा नमुना माझ्या झाडाचा नाही, एवढं म्हणाला असता तरी पुरे होतं."

"हो."

"मी उठून गेले असते."

"हो."

"तुमचं झाड तसंच राहिलं असतं. तुमच्या नावावर."

सर खिडकीबाहेर बघत होते. एक बैलगाडी कुरकुरत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले.

"ही अकरा झाडं तुम्हाला कधी दिसली?" तिने विचारलं.

"आमचं ते पडलं तेव्हा. मोकळं झालं ना तिथे... मागचं दिसायला लागलं."

"आधी पंचवीस वर्षं जात होता तुम्ही तिथे."

"जात होतो. त्या एका झाडाकडे जात होतो."

मग, विचारू नये असं वाटत असतानाही, ती विचारून गेली.

"मग नऊ वर्षांत लिहिलं का नाही?"

"विचारलं नाही कुणी," सर म्हणाले. लगेच मान हलवली. "खोटं बोललो. धीर झाला नाही."

प्रणोतीने गाडी सुरू केली.

हर्बेरियममध्ये आल्यावर सरांनी कपाट उघडलं. लाल फोल्डर काढलं. शीट टेबलावर ठेवली. एक फांदी, सात पानं, फळांचा एक घोस. सगळं तपकिरी पडलेलं, पण एक शीर हललेली नाही. खाली सरांच्या हातची चिठ्ठी, निळ्या शाईत जातीचं नाव लिहिलेली. शीटच्या कोपऱ्यात कागदाचं लहानसं पाकीट चिकटवलेलं होतं. वर्षानुवर्षांत जे गळतं, तुटतं, ते टाकून न देता त्यात ठेवायची रीत.

सरांनी चिमटा घेतला, पाकीट उघडलं आणि त्यातून नखाएवढ्या पानाचे दोन तुकडे काढले. एका स्वच्छ कागदात घडी घालून तिच्यापुढे धरले.

"हे ने. हे त्याच झाडाचं आहे. हे मी काढलेलं आहे."

प्रणोतीने हात पुढे केला नाही.

"सर, यातून संकर निघाला तर..."

"तर संकर."

"माहितीपत्रक, कॉलेज... तुमचं..."

"घे. हात दुखतो माझा."

तिने घेतलं.

*

पेपर तिने रविवारीच मागे घेतला. कारण लिहिलं ते खरं लिहिलं, नमुना मूळ झाडाचा नव्हता. संस्थेत दोन दिवस कुजबूज झाली. बढतीच्या यादीत तिच्या जागी तिच्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याचं नाव आलं. घरी आई म्हणाली, "एवढ्याशा पानापायी?" प्रणोतीला समजावून सांगता आलं नाही. रात्री जेवण गेलं नाही एवढंच.

पानाचा एक तुकडा तिने स्वतः तपासला. काही निघालं नाही. दुसरा तिने दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. त्यांचं उत्तर यायला सप्टेंबर उजाडला.

काही निघालं नव्हतं. कसर लागू नये म्हणून त्या काळी नमुने विषारी द्रावणात बुडवून काढत. त्या विषाने पान टिकलं होतं आणि पानाच्या आत वाचण्यासारखं होतं ते सगळं मोडून गेलं होतं. आता ते पान कुणाचंच काही सांगू शकत नव्हतं.

मधल्या काळात ती चार वेळा पळसबोडीला जाऊन आली. अकरांना क्रमांक दिले. ऐन-अर्जुनाची खरी पानं तिने दोन वेगळ्या जिल्ह्यांतून, स्वतः झाडाखाली उभं राहून आणली. अकरा झाडांचं काम हळूहळू उभं राहत होतं. ती संकर होती, कुणात ऐन जास्त, कुणात अर्जुन जास्त. पण पडलेल्या झाडाविषयी तिच्याजवळ काही नव्हतं. तेही यांच्यातलंच बारावं असेल, असं वाटत होतं. नसेलही... वाटण्यावर लिहायचं कसं?

ती सरांकडे आली तेव्हा बाहेर पाऊस उघडला होता. सर खोलीतल्या कपाटांमधल्या डांबरगोळ्या बदलत होते.

"काय निघालं?"

"काही नाही."

सर टेबलाशी येऊन बसले. त्यांना बरं वाटलं की वाईट, तिला चेहऱ्यावरून कळलं नाही. ती बघत मात्र राहिली.

"मग आता?"

"आता काय, सर? तुमची चिठ्ठी आहे तशी राहू दे. माझ्याजवळ पुरावा नाही."

"तुझं मत नाही?"

"मत आहे."

"मग लिही. माझी चिठ्ठी काढायची नसते. तुझी खाली लावायची असते. इतकं तर शिकवलं होतं."

ड्रॉवरमधून त्यांनी कोरी चिठ्ठी काढून दिली. काळी शाई दिली.

पूर्वी तिने मनात ती चिठ्ठी कितीदा लिहिली होती. दोनच शब्द होते त्यावर, 'जात नव्हे.' आता पेन हातात घेऊन ती बसून राहिली. बाहेर कॉलेजची घंटा झाली, पोरंपोरी गलका करत गेली, व्हरांडा रिकामा झाला.

मग तिने लिहिलं.

'ऐन व अर्जुन यांच्यामधला नमुना. मूळ झाड आता नाही. त्याच उतारावर अशी आणखी अकरा झाडं पाहिली, ती संकर आहेत. हेही संकर असण्याची शक्यता वाटते. खात्रीने सांगता येत नाही. प्रणोती लांजेवार.'

शेवटच्या वाक्याशी तिचा हात अडखळला होता. असं वाक्य तिने आयुष्यात कुठल्याच कागदावर लिहिलं नव्हतं. पण लिहून झाल्यावर तिने ते खोडलं नाही.

सरांनी चिठ्ठी घेतली. भिंग लावून, ओठ हलवत, सावकाश वाचली. पुन्हा वाचली. डिंकाची बाटली उघडली, मागच्या बाजूला कडेकडेने डिंक लावला, आणि आपल्या निळ्या अक्षरांच्या बरोबर खाली ती चिठ्ठी ठेवून तळहाताने दाबली. बराच वेळ दाबून धरली.

प्रणोतीने शेवटी विचारलं.

"सर, तुम्हाला... वाईट नाही ना वाटलं?"

सरांनी तळहात उचलला. वाकून शीटकडे पाहिलं. मग पेन उचलून तिच्यापुढे केलं.

"तारीख राहिली."